हिरडेवाडीपर्यंतची तार

अजूनही कळंबात कुणाचं नेट बंद पडलं की माणसं माझ्या दारात येतात. मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. घरातला स्वतःचा लँडलाइन फोनसुद्धा मी काढून टाकला. तरी "भाऊ, जरा बघता का" हे काही थांबत नाही. आता सगळं हवेतून येतं, त्यात मी बघणार काय? पण दारात आलेल्या माणसासाठी उठावं लागतं. गुडघे कुरकुरतात. मी त्याचा मोबाइल हातात घेतो, बंद करतो, पुन्हा चालू करतो आणि परत देतो. बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं. तो खूष होऊन जातो आणि मी परत येऊन बसतो.

टेलिफोन खात्यात मी लाइनमन म्हणून लागलो आणि मेकॅनिक म्हणून बाहेर पडलो. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके सोडून कुठे बदली झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं, असं बायको म्हणायची.

काम समजायला अवघड नव्हतं. गावात एक्स्चेंज असतं, म्हणजे यंत्रांची एक खोली. तिथून प्रत्येक घरासाठी तांब्याच्या दोन बारीक तारा निघतात. त्यांना आम्ही जोडी म्हणायचो. अशा कितीतरी जोड्या एका जाड केबलमध्ये घालून ती जमिनीखालून न्यायची, गावाच्या तोंडाशी खांबावरच्या डब्यात फोडायची आणि तिथून एकेक जोडी घराघरात द्यायची. मध्ये कुठे पाणी शिरलं, उंदरानं कुरतडलं, कुणी कुदळ मारली, की फोन मुका. त्याला पुन्हा बोलता करायचं हे माझं काम. पुढे त्याच जोडीवरून ब्रॉडबँड यायला लागलं. लोकांना वाटलं, काहीतरी नवीनच आलं. नवीन होतं ते दोन टोकांना. मधली तार जुनीच होती, आणि ती सांभाळणारा माणूसही जुनाच.

तालुके दोन असले तरी आम्हाला ते वेगळ्याच रेषेनं वाटलेले दिसायचे. पूर्वेला पुणे-नाशिक रस्त्याकडेची गावं, कॅनॉलचं पाणी, ऊस, द्राक्षं, टोमॅटो. तिथे फोन लवकर मिळावा म्हणून माणसं मुंबईपर्यंत वशिला लावायची. पश्चिमेला डोंगर, भात, नाचणी आणि हिरडा. तिथे कुणी फोन मागत नव्हतं. फोन मागायचा असतो, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्याच्या आसपास प्रत्येक गावात निदान एक सार्वजनिक फोन हवा, असं वरून आलं. डोंगरात केबल नेणं खात्याला परवडणारं नव्हतं, म्हणून रेडिओचा फोन निघाला. घराशेजारी एक उंच पाइप, त्यावर ॲन्टेना, खाली बॅटरी, बॅटरीला सूर्यावर चार्ज करणारी काच आणि घरात साधा फोन. आमच्या वाट्याला आलेली एक वाडी धरणाच्या पाण्याच्या वर, रस्ता संपतो तिथे होती. तिला मी इथे हिरडेवाडी म्हणतो. तिचं खरं नाव वेगळं आहे.

वाडीत पक्क्या भिंतीचं घर तुकारामबाबांचं, म्हणून फोन त्यांच्या पडवीत बसला. बाबा तेव्हा साठीच्या अलीकडे होते. उंच, कमी बोलणारे. फोन सुरू करायच्या दिवशी साहेब आले, सरपंच आले, नारळ फुटला. साहेबांनी रिसीव्हर बाबांच्या हातात दिला आणि म्हणाले, लावा आता कुणालाही. बाबा रिसीव्हर धरून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

"पावणं, लावायचा खरं, पन कुनाला? आमच्या वळखीत फोन हाय कुनाकडं?"

ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. मुंबईला माथाडीत असलेल्या पोरांकडे फोन नव्हता. लेकी दिल्या होत्या त्या गावांत फोन नव्हता. सगळी वाडी अंगणात जमलेली, आणि लावायला नंबर नाही. शेवटी मी आमच्या एक्स्चेंजचा नंबर फिरवला. तिथे तक्रारी घेणाऱ्या शालिनीताई होत्या. त्यांना सांगितलं, इथे माणसं थांबलीत, एकेकाशी जरा बोला. शालिनीताईंनी खरंच एकेकाशी बोलून घेतलं. नाव काय, पाऊस कसा आहे, भात लावलं का. बाबांच्या बायकोनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का गं बाई?" ताईंनी नंतर मला सांगितलं की दिवसभर तक्रारी ऐकणाऱ्या त्यांना त्या खुर्चीवर असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

तो फोन पहिल्या वर्षी बरा चालला. दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरीनं मान टाकली. डोंगरात पावसाचे महिने सूर्य दिसत नाही, आणि बॅटरी तर सूर्यावर जगणारी. पावसाळा संपल्यावर माकडांनी काच फोडली. मी जायचो, जमेल ते करायचो, यायचो. एसटी वर्षातले काही महिने निम्म्यातच थांबायची, तिथून शिडी खांद्यावर घेऊन चढ चढायचा. मग सुटे भाग येणंच बंद झालं. बनवणारे ते बनवत नाहीत, असं उत्तर मिळालं. बाबांना ते सांगायला मी वर गेलो. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, की आधी नव्हता तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं, आता मात्र रोज दिसतो बंद पडलेला. यंत्र काढून नेऊ का विचारलं तर राहू द्या म्हणाले.

दोन हजार साल उलटल्यावर दोन गोष्टी जवळजवळ एकदमच झाल्या. पूर्वेच्या गावांत मोबाइल आले आणि एके काळी वशिला लावून घेतलेले फोन लोक परत करायला लागले. पश्चिमेला मात्र धरणाच्या अंगाला एक लहान एक्स्चेंज झालं आणि रस्त्याच्या कडेनं चर खणून केबल हिरडेवाडीपर्यंत गेली. खालून तार काढून घ्यायची आणि वर नवीन घालायची, अशी दोन्ही कामं मी एकाच आठवड्यात केलेली आहेत. पुढे ब्रॉडबँड आलं तेही आधी पूर्वेलाच.

त्या दिवसांतलं एक गिऱ्हाईक सांगायला हवं. आळे गावाच्या बाजूला दोन भाऊ होते, शेताचा बांध एक आणि एकमेकांशी बोलणं बंद. थोरल्यानं मुलासाठी ब्रॉडबँड घेतलं. महिन्याभरात त्याची लेखी तक्रार आली, की धाकटा मुद्दाम त्याचं नेट बंद करतो. कसं, तर धाकट्यानं विहिरीवरची मोटार चालू केली की नेट जातं, मोटार बंद झाली की येतं. साहेब हसले, पण मी जाऊन बसलो तर माणूस खरं बोलत होता. थोरल्याकडे जाणारी आमची वायर धाकट्याच्या मोटारीच्या वायरीला बिलगून गेलेली होती. मोटार सुरू झाली की त्या विजेचा गोंधळ आमच्या तारेत उतरायचा. उपाय सोपा होता, वायर दुसऱ्या बाजूनं न्यायची. पण ती बाजू धाकट्याच्या शेतातून जायची. थोरला विचारणार नाही, आणि विचारल्याशिवाय धाकटा खांब रोवू देणार नाही. मी दिवसभर बांधावरून इकडचा निरोप तिकडे नेत होतो. संध्याकाळी कंटाळून धाकट्यालाच म्हणालो, तुमच्या पुतण्याचा अभ्यास आहे त्यावर. तो म्हणाला, पुतण्याचा आहे होय, मला वाटलं भावाचा. खांब लगेच रोवला गेला. भाऊ त्यानंतरही एकमेकांशी बोलले नाहीत. नेट मात्र चाललं.

याच सुमारास मंदा आमच्या ऑफिसात आली.

मंदा म्हणजे तुकारामबाबांची सून. बारावी झालेली. लग्नाआधी घोडेगावात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. नवरा दिलीप चाकणला कंपनीत रोजानं कामाला होता, महिन्यातून एकदा वर यायचा. चाकणला खोली घेऊन सगळ्यांनी तिकडेच यावं, असं त्याच्या मनात होतं. मंदाला वाडी सोडायची नव्हती. तिचा बेत असा, की पडवीत कॉम्प्युटर ठेवायचा, ब्रॉडबँड घ्यायचं, आणि वरच्या सगळ्या वाड्यांची कामं तिथे करून द्यायची. शाळेचे निकाल, नोकरीचे फॉर्म, दाखल्यांचे अर्ज. या एकेका कामासाठी माणसं दिवस मोडून घोडेगावला जात. तेच वर झालं तर पैसे मिळतील, दिलीप परत येईल, पिकअप घेऊन हिरडा-तांदूळ खाली नेण्याचा धंदा करील. घरात दोघांचं ठरलं होतं, की एक वर्ष बघायचं. चाललं तर वाडी, नाही तर चाकण.

साहेब त्या वेळी नवीन होते. तरुण आणि सरळ माणूस. त्यांनी नकाशा काढला, अंतर बघितलं आणि तिला समजावून सांगितलं. ब्रॉडबँडचा सिग्नल तारेतून जाताना थकत जातो. एक्स्चेंजपासून ठरावीक लांबीपर्यंतच तो नीट पोचतो, आणि हिरडेवाडी त्या लांबीच्या बाहेर आहे. फोन चालेल, नेट चालणार नाही. तिला वाईट वाटेल म्हणून त्यांनी तेच दोनदा सांगितलं.

मंदानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, आमच्याकडं एसटी थकून येती, पोस्ट थकून येतं, डॉक्टर आलाच तर तोबी थकून येतो. सिग्नल थकून आला तरी चालंल. येऊ तर द्या."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, बघतो.

बघतो म्हणणं सोपं होतं. लांबी कमी करता येत नव्हती, पण वाटेत सिग्नल जिथे जिथे गळत होता त्या जागा बुजवता येत होत्या. केबलला ठिकठिकाणी जोड होते. जोड म्हणजे दोन केबलींची टोकं एकमेकांना बांधून वर आवरण घातलेली जागा. ती सैल पडते, ओल धरते. मी एकेक जोड उघडला, पुसला, पुन्हा बांधला. जोड्यांमधली त्यातल्या त्यात चांगली जोडी निवडत निवडत वर नेली. खांबापासून बाबांच्या घरापर्यंतची वायर नवीन टाकली. इतर कामं सांभाळून हे करायला पावसाळ्यानंतरचे कितीतरी दिवस गेले. मग मोडेम लावला. त्यावर एक हिरवा दिवा असतो, तो स्थिर राहिला म्हणजे लाइन आली. तो लुकलुकत राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत जमिनीवर बसलो होतो. बाबा, त्यांची बायको, मंदा, तिची लहान मुलगी. चहा गार झाला. मग तो थांबला. स्थिर झाला. वेग एवढा कमी की एक पान उघडेपर्यंत मंदा चुलीवरचा भात बघून यायची. पण पान उघडायचं.

वर्षभर ते केंद्र चाललं. वरच्या वाड्यांतली माणसं तिच्या पडवीत येऊन बसायला लागली. निकालाच्या दिवशी जत्रेसारखी गर्दी व्हायची. वीज जायची तेव्हा ती गाडीच्या बॅटरीवर कॉम्प्युटर चालवायची. दिलीप चाकण सोडून आला आणि त्यानं जुनी पिकअप घेतली. मी तिकडे कामाला गेलो की जेवल्याशिवाय मला सोडत नसत.

त्या वर्षातला एक दिवस मी विसरणार नाही. नर्सिंगच्या प्रवेशाचे फॉर्म तेव्हा पहिल्यांदाच नेटवर भरायचे होते. आश्रमशाळेतून बारावी झालेल्या चार मुली आजूबाजूच्या वाड्यांतून मंदाकडे येत होत्या. कुणाचा दाखला राहिलेला, कुणाचा फोटो, असं करता करता शेवटचा दिवस उगवला. आणि त्या दिवशी सकाळीच लाइन गेली. दिलीप पिकअप घेऊन मला शोधत खाली आला. घोडेगावला नेतो म्हणाला असता, पण त्या दिवसांत रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं, मधल्या पुलाशी रस्ता उकरलेला, आणि त्यातून त्याची गाडी एकदा कशीबशी निघाली होती. मुलींना घेऊन वेळेत पोचायची खात्री नव्हती.

बिघाड शोधावा लागला नाही. वाडीच्या खालच्या वळणावर जेसीबी उभा होता आणि त्याच्या पुढ्यात आमची केबल चरातून वर आलेली होती, दोन्ही टोकं पिंजलेली. बकेट नेमकी एका जुन्या जोडावर लागली होती. चालवणारा पोरगा कर्नाटकातला होता. त्याला मराठी धड येत नव्हती, पण चेहऱ्यावर अपराधी भाव होता. मुकादम मात्र चर बुजवून पुढे जायचं म्हणत होता. दिलीपनं त्याला मुलींचं सांगितलं, तो ऐकेना. तेव्हा त्या पोरानं किल्ली काढून खिशात घातली आणि सावलीत जाऊन बसला. इंजिन गरम झालं, असं त्यानं मुकादमाला खुणेनं सांगितलं.

मी चरात उतरलो. साधी केबल तुटली तर रंगाला रंग जोडायचा असतो, पण इथे जोडाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या केबली होत्या. शिवाय खराब जोड्या सोडून चांगल्या निवडताना आम्हीच अदलाबदल केलेली, त्यामुळे रंगांवर भरवसा ठेवता येत नव्हता. एक्स्चेंजकडून येणारी मंदाची जोडी मला तपासणीचा फोन एकेका जोडीला लावून, एक्स्चेंजला नंबर विचारत सापडली. पण वाडीच्या बाजूच्या जोड्यांपैकी मंदाच्या घरात जाणारी कोणती? एकेक जोडून बघायची, आणि वर मंदानं फोन उचलून सांगायचं, आवाज येतो की नाही. पण ती मला सांगणार कशी? मोबाइलला तिथे रेंज नव्हती, आणि माझा तपासणीचा फोनही मातीत पडून मुका झाला होता. वाडी तीन वळणं वर होती.

ते मुलींनी सोडवलं. त्यांच्यातली हिरा नावाची एक दिलीपबरोबर खाली आली होती, बोलायला धीट. माझं ऐकून ती वर पळाली आणि एकेका वळणावर एकेक मुलगी उभी करून आली. स्वतः माझ्या डोक्यावरच्या वळणावर थांबली. मी एक जोडी जोडायचो आणि हात वर करायचो. हिरा वर ओरडायची, "बघा गं." तो आवाज पुढच्या वळणावर, तिथून त्याच्या पुढच्या, तिथून मंदाच्या अंगणात. मग वरून एकेक आवाज खाली यायचा, "न्हाई." मी जोडी सोडायचो, दुसरी धरायचो. ऊन चढलं. चरातल्या मातीनं डोळे चुरचुरत होते. हिराचा आवाज बसत चालला होता, पण दर वेळी ती तेवढ्याच जोरानं ओरडायची. जेसीबीवाला पोरगा उठून माझ्या बाजूला येऊन बसला आणि तारा धरायला लागला.

किती वेळ गेला माहीत नाही. एकदा हात वर केला, निरोप वर गेला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ काही आलं नाही. मग अगदी वरून काहीतरी ऐकू आलं, पण शब्द कळेना. तो मधल्या वळणावर आला. तिथून हिराकडे. हिरा कठड्यावरून खाली वाकली आणि ओरडली नाही, साध्या आवाजात म्हणाली,

"आलं, भाऊ. आलं म्हनत्यात."

मग ती वर पळाली. मी बाकीच्या जोड्या नंतर जोडल्या, आधी तेवढीच एक पक्की केली, वर प्लॅस्टिक गुंडाळलं आणि चरातच बसून राहिलो. संध्याकाळी दिलीप सांगत आला की चौघींचे फॉर्म गेले. शेवटचा जाताना पान इतका वेळ अडकलं होतं की त्या मुलीनं डोळे मिटून घेतले होते.

चौघींपैकी दोघींना प्रवेश मिळाला. हिराला मिळाला नाही. तिनं पुढच्या वर्षी पुन्हा भरला आणि मिळवला. आता ती एका सरकारी दवाखान्यात आहे, खाली, सपाटीवर. मला शुगर निघाली तेव्हा गाठ पडली. तिनं मला ओळखलं, मी तिला नाही. आवाजावरून ओळखायला हवं होतं.

इथे थांबता आलं असतं तर लेख छान झाला असता. पण मला आठवतो तो त्याच्या पुढचा पावसाळा.

रस्त्याचं काम संपलं, यंत्रं गेली. उकरलेल्या मातीमुळे केबल कुठून जाते हे आता कुणालाही दिसत होतं. तांब्याचा भाव तेव्हा चढलेला होता. एके सकाळी मंदाची लाइन गेली म्हणून मी वर गेलो, तर तीन वळणांच्या रस्त्याकडेचा चर उघडा होता आणि आत काही नव्हतं. तुटलेलं नव्हतं, नव्हतंच. ओढून नेली होती. तुटलेलं जोडायला मी शिकलो होतो. तिथे माझ्या हाताला काही काम नव्हतं. पिशवी खांद्याला तशीच, मी त्या चराच्या कडेनं वाडीपर्यंत चालत गेलो.

साहेबांनी नवीन केबलचा प्रस्ताव मनापासून केला. वरून विचारणा झाली, की तिथे कनेक्शनं किती. जी होती ती हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. उत्तर आलं, की त्या भागात मोबाइलचा टॉवर होणार आहे, तेव्हा केबल टाकणं योग्य ठरत नाही. हिशेबानं ते चूक नव्हतं. टॉवर झालाही, पण पलीकडच्या डोंगरावर. हिरडेवाडीत रेंज येते ती देवळामागच्या उंचवट्यावर, वारा नसेल तेव्हा.

मंदानं सगळा पावसाळा वाट बघितली. कॉम्प्युटरवर तिनं खताच्या पिशवीचं प्लॅस्टिक घातलं होतं, ओल लागू नये म्हणून. मी गेलो की ती काही विचारायची नाही, पण माझ्या पिशवीकडे बघायची. मीही प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढून जात राहिलो, सांगण्यासारखं काही नसताना. एकदा तिनं चहा देता देता म्हटलं, की भाऊ, न्हाई होणार असलं तर न्हाई म्हणा, मग मला पुढचं बघता येईल. मी "नाही" म्हणालो. तो शब्द उच्चारायला मला एवढे महिने का लागले, कुणास ठाऊक.

दिवाळीनंतर ते वाडीतून उतरले. चाकणला नाही, घोडेगावच्या वाटेवरच्या शिनोलीला. रस्त्याला लागून गाळा मिळाला. मी मोडेम जमा करून घ्यायला वर गेलो तेव्हा सामान पिकअपमध्ये चढत होतं. बाबा आणि त्यांची बायको जाणार नव्हते. भात होतं, गुरं होती. मोडेम मी पिशवीत टाकला, तेव्हा बाबा पडवीच्या खांबाला टेकून उभे होते.

"पयला रेडिओचा गेला," ते म्हणाले, "मग तारंचा गेला. आता तिसरा येईल तवर आमी हाय का न्हाई, ते बघायचं."

त्यात तक्रार नव्हती. उद्या पाऊस येईल का, असं म्हणावं तसं ते म्हणाले. मंदाची मुलगी पिकअपमध्ये आजीच्या हाताला धरून बसली होती आणि आजी खाली उभी होती. दिलीपनं गाडी सुरू केल्यावरही हात सुटायला थोडा वेळ लागला.

शिनोलीच्या गाळ्यातलं कनेक्शन मीच जोडलं. त्याला तास लागला नाही. एक्स्चेंज जवळ, जोडी नवीन, वाटेत जोडच नाही. मोडेम लावला, दिवा एकदा लुकलुकला आणि स्थिर झाला. मंदानं एक पान उघडलं, ते बोट उचलायच्या आत समोर आलं. तिनं दुसरं उघडलं. तेही तसंच आलं. मला वाटलं, खूष झाली.

"भाऊ," ती म्हणाली, "रस्त्याला लागून असलं की किती सोपं असतं न्हाई."

मी हो म्हणालो. तेवढ्यात बाहेर वरून येणारी एसटी थांबली, चार-दोन माणसं हातात कागद धरून उतरली, आणि ती त्यांच्यासाठी बाक पुसायला उठली.